डिस्चार्ज कार्डावर डोळ्यांच्या तपासणीची तारीख लिहा

महोदय,

माझी नात ३० आठवड्यांची असतानाच जन्मली. वजन १२५० ग्रॅम. २४ दिवस काचेच्या पेटीत होती. घरी सोडताना मिळालेल्या कार्डावर लसींच्या तारखा होत्या, लोहाचे थेंब किती द्यायचे तेही होते. डोळ्यांबद्दल एक ओळ नव्हती. मी २६ वर्षे अंगणवाडीत मुलांची वजने केली, पण हे मलाही ठाऊक नव्हते.

जन्मानंतर ३८व्या दिवशी वजनाला नेली तेव्हा तिथल्या सिस्टरने विचारले, "डोळ्यांच्या आतला पडदा डॉक्टरांना दाखवलात का?" दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीने पुणे गाठले.

थेंबांनी बाहुल्या मोठ्या केल्या, डोळे बधिर केले आणि जेल लावून कॅमेऱ्याचे टोक हलकेच डोळ्याला टेकवले. स्क्रीनवर नारिंगी गोल उमटला. मधल्या पिवळसर ठिपक्यातून लाल फांद्या फुटलेल्या, पण कडेला पोचण्याआधीच थांबलेल्या. थांबल्या तिथे शेताच्या बांधासारखी पांढरट रेघ, आणि बांधावर हरळी माजावी तशा बारीक, वेड्यावाकड्या वाहिन्या. डॉक्टर म्हणाले, पडद्यावरच्या वाहिन्या दिवस भरत येतात तशा कडेला पोचतात. बाळ आधीच जन्मले की ती वाढ अडते आणि नंतर अशा नको त्या वाहिन्या फुटतात. त्यांच्या ओढीने पडदा सुटला, तर दृष्टी कायमची जाते. बाहेरून मात्र डोळा अगदी निरोगी दिसतो!

आजाराचे नाव आरओपी, म्हणजे रेटिनोपॅथी ऑफ प्रीमॅच्युरिटी. दुसऱ्याच दिवशी दोन्ही डोळ्यांना लेसर केले. आज ती १४ महिन्यांची आहे आणि चादरीवरचा मोहरीचा दाणा चिमटीत पकडते.

२००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या किंवा ३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या बाळाची ही तपासणी ३० दिवसांच्या आत व्हावी, अगदीच लहान बाळाची दोन-तीन आठवड्यांत, असे आपल्या देशाचे निकष आहेत. कर्नाटकात बंगळूरच्या नारायण नेत्रालयाच्या 'किड्रॉप' उपक्रमात २००८ पासून तंत्रज्ञ असा कॅमेरा घेऊन जिल्ह्याजिल्ह्यांत जातात, फोटो काढतात आणि तज्ज्ञ ते दुरून तपासतात. आमच्या डोंगरी तालुक्यांना तशीच सोय हवी आहे.

कॅमेऱ्याला पैसे लागतील, वेळ लागेल. कार्डावर तारीख लिहायला काहीच लागत नाही. ती ठळक लिहावी आणि बाळाच्या आजीलाही तोंडी सांगावी. बाळ-बाळंतिणीसोबत दवाखान्यात जाणारी बहुधा तीच असते.

– एक निवृत्त अंगणवाडी सेविका, ता. पाटण, जि. सातारा