लकव्याचा पेशंट कुठे न्यायचा ते पहिल्याच दवाखान्यात कळू दे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

देवगड तालुक्यातलं आमचं गाव. एप्रिलमधे आंब्याच्या पेट्या भरायच्या ऐन धांदलीत पहाटे सहाला माझा मोठा भाऊ कलमांत जायला निघाला आणि ओटीवरच कोसळला. तोंड वाकडं, उजवा हात लुळा, बोलायला गेला तर शब्दच फुटेना. शेजारचे म्हणाले वारो लागलोहा, तेल चोळा. चोळलं. दोन तास त्यात गेले आणि ती चूक आमचीच, हे उघड लिहितोय कारण गावागावात अजून हेच चालतं, कोणी कोणी तर कबुतराचं रक्त लावायला सांगतात.

मग पहिला दवाखाना. सलाईन लावलं, बीपी बघितलं, पडू दे म्हणाले. सीटी स्कॅन होईपर्यंत साडेअकरा वाजून गेले. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, ती वेळ कधीच टळली होती. डाय घालून परत स्कॅन केला तेव्हा तिथले डॉक्टर म्हणाले, मेंदूची डावीकडची मोठी धमनी बंद आहे, थ्रोम्बेक्टॉमी, म्हणजे धमनीत नळी घालून गुठळी ओढून काढणं, जिथे होते तिथे न्या. हा शब्द आम्ही आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. कुठे होते, तर नक्की कोणालाच सांगता येईना, गोवा की कोल्हापूर यात फोनाफोनी करत अजून तास गेला आणि शेवटी करूळ घाट चढून चारच्या सुमाराला कोल्हापूर गाठलं. अशा बंद धमनीमुळे मिनिटाला मेंदूच्या सुमारे 19 लाख पेशी मरतात असा डॉक्टर लोकांचा हिशेब आहे, तो मला नंतर कळला, आणि तेव्हापासून तो फोनाफोनीचा तास डोक्यातून जात नाही.

गुठळी ओढून काढायचं हे उपकरण असतं कसं ते सांगतो. विहिरीत कळशी पडली की आपण गळ टाकून काढतो ना, 2004 साली अमेरिकेत मंजूर झालेलं मर्सी नावाचं साधन तसंच होतं, पिळाची तार, बाटलीचं बूच काढायच्या स्क्रूसारखी. 2012 ला तिकडे सॉलिटेअर आणि ट्रेवो या जाळ्यांना मंजुरी मिळाली. जांघेतल्या धमनीतून बारीक नळी घालून छातीतून, मानेतून मेंदूपर्यंत नेतात, तिच्यातून निटिनॉल धातूची जाळी गुठळीत नेऊन उघडतात, ती फुलते, गुठळी तिच्यात अडकते, थोडी मिनिटं थांबून सगळं हळूच ओढून घेतात, वर सक्शनही लावतात. कवटी उघडावी लागत नाही. 2015 साली नेदरलँड्सच्या 500 पेशंटच्या अभ्यासाचा निकाल आला, त्यात नेहमीच्या उपचारांवर 100 तले 19 जण स्वतःचं स्वतः करण्याइतके बरे झाले आणि ही प्रक्रिया केलेल्यांत 33. त्या वर्षी आणखी चार अभ्यासांनी तेच सांगितलं. पुढे हेही दिसलं की स्कॅनमधे मेंदूचा वाचवण्यासारखा भाग शिल्लक असेल तर काही पेशंटना 24 तासांपर्यंत फायदा होतो. म्हणूनच दादाला दहा तासांनीसुद्धा आत घेतलं.

प्रत्येक लकव्याला हे चालत नाही, मोठी धमनी गुठळीने बंद असली तरच, आणि रक्तस्राव असेल तर अजिबात नाही. त्यामुळे घरी कोणी ॲस्पिरिन देऊ नका, आधी स्कॅन.

माझं मागणं मोठं नाही. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात आता सरकारी मेडिकल कॉलेजं आहेत, तिथे ही सोय आज ना उद्या व्हायलाच हवी, पण तोवर निदान प्रत्येक ग्रामीण रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत एक बोर्ड लावा: चोवीस तास सीटी कुठे, इंजेक्शन कुठे, जाळीने गुठळी काढणारे डॉक्टर कुठे आणि त्यांचा फोन. 108 वाल्यांनी वाटेतूनच तिकडे कळवावं, म्हणजे पेशंट पोचेपर्यंत टेबल तयार असेल.

दादा आता काठी टेकत चालतो, माझं नाव घेतो, पण वाक्य पुरं होत नाही आणि उजव्या हाताने पेटीला दोरी बांधता येत नाही. दोन-चार तास आधी पोचलो असतो तर, हे मी त्याच्यासमोर बोलत नाही.

तुमच्या पेपरात ही माहिती एकदा चौकटीत छापा, फोन नंबरांसकट. चौकट छोटी असली तरी चालेल, लोक कापून कालनिर्णयच्या मागे टाचून ठेवतील.

आपला,
एक वाचक, ता. देवगड