सुक्या बोंबलावरही लिहा

मा. संपादक, नमस्कार.
तुमच्या पुरवणीतलं कोकणच्या मासळीचं पान आवडलं, पण सगळं ओल्या पापलेट-सुरमईचंच, अन् आमच्या वऱ्हाडातल्या आठवडी बाजारात जे सुके बोंबील, जवळा येतात त्याच्यावर एक ओळही नाही. ओला बोंबील अंगात पाणी जास्त असल्यानं लवकर नासतो, म्हणून वसई, अर्नाळ्याकडे कोळी बाया दोन-दोन बोंबील एकमेकांच्या जबड्यात अडकवून बांबूच्या वलांडीवर उन्हात वाळवतात, केवढी मेहनत आहे ती! आम्ही तेच तव्यावर भाजून, कांदा-लसूण अन् लाल तिखट टाकून ज्वारीच्या भाकरीसंग खातो, पावसाळ्यात भाजी महाग झाली की हाच आधार.

१ जून ते ३१ जुलै समुद्रात यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते कारण तो बऱ्याच मासळीचा अंडी घालायचा काळ, हे आमच्या पोरांना माहीतच नाही. २०२३ मध्ये पापलेट राज्य मासा झाला, चांगलंच झालं, पण पिल्लं पकडणं थांबलं तरच तो टिकेल ना? यावर एक सविस्तर लेख छापा, अन् वाळवणाऱ्या बायांशी बोलूनच छापा.

— एक वाचक, जि. अकोला