बाबांना पत्र: नवी रायफल आणि घरी भरलेली काडतुसे

कॅस्पर, वायोमिंग
दि. २४ मे २०२५

तीर्थरूप बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आपले पत्र पोहोचले. मी नवी रायफल घेतल्याचे दादाकडून कळल्यावर आपण दोन प्रश्न विचारले आहेत: बाजारात तयार काडतुसे मिळत असताना ती घरी भरण्याचा खटाटोप कशासाठी, आणि त्यात धोका किती? आपण उद्यमनगरात सगळी हयात लेथ आणि मायक्रोमीटर यांच्या संगतीत काढली आहे, त्यामुळे दोन्हींची उत्तरे कामाच्या तपशिलासह देते.

आधी कायद्याचे, कारण आईला त्याचीच काळजी असणार. तात्पुरत्या व्हिसावर राहणाऱ्या परकीयाला काही ठरावीक अपवाद वगळता इथे अमेरिकेत बंदूक बाळगता येत नाही. मी ग्रीन कार्ड हातात आल्यावरच ती घेतली. स्वतःच्या वापरापुरती काडतुसे भरायला इथे परवाना लागत नाही. आपल्याकडे मात्र शस्त्र अधिनियम, १९५९ प्रमाणे काडतुसे तयार करायलाच परवाना लागतो, तेव्हा माझे पत्र वाचून तिथे कुणी असले काही करू पाहू नये.

रायफल .२२३ रेमिंग्टन मापाची, जाड नळीची आणि बोल्टची, म्हणजे दर गोळीनंतर खटका हाताने मागेपुढे करावा लागणारी आहे. कुरणे नासवणाऱ्या लहान प्राण्यांसाठी अशी रायफल वापरतात. आमच्या भागात तो प्राणी म्हणजे प्रेअरी डॉग: खारीच्या कुळातला, किलोभर वजनाचा, बिळांची मोठमोठी वसाहत करून राहणारा. ज्या पशुपालकाच्या जमिनीवर आम्हाला जाण्याची परवानगी आहे, त्याच्या गुरांच्या वाट्याचे गवत ही वसाहत संपवते. बिळाच्या तोंडाशी उभा राहिलेला हा प्राणी जेमतेम चार बोटे रुंद दिसतो, आणि दोनशे मीटरवरून नेम दोन इंच जरी चुकला तरी तो जखमी होऊन बिळात शिरतो व तिथे तडफडत मरतो. ते मला मुळीच मान्य नाही. गोळी झाडायची तर प्राणी जागच्या जागी संपला पाहिजे, अन्यथा झाडूच नये, असे माझे ठाम मत आहे. काडतुसांवर इतके कष्ट घेण्यामागचे खरे कारण तेवढेच आहे.

कारखान्यातले काडतूस त्या मापाच्या कोणत्याही रायफलीत बसेल अशा बेताने बनवलेले असते, म्हणजे त्यात थोडी ढिलाई ठेवावीच लागते. पण प्रत्येक नळीचे चेंबर, म्हणजे काडतूस बसते ती खोबण, वेगळे. एकदा बार उडाला की पितळेची पुंगळी फुगून आपल्या रायफलीच्या चेंबरचा अचूक आकार घेते. ती पुन्हा भरताना डायमध्ये (आकार देणाऱ्या साच्यात) घालून खांदा, म्हणजे पुंगळी निमुळती होते तो भाग, फक्त एक-दोन थाऊ (इंचाचा हजारावा भाग) मागे ढकलायचा, म्हणजे काडतूस चेंबरमध्ये सैल पडत नाही. पुंगळीची लांबी १.७६० इंचांच्या वर जाता कामा नये, म्हणून दर वेळी व्हर्नियर लावून वाढलेले टोक छाटायचे, आतबाहेरची कड मारायची, मग बुडाशी नवा प्राइमर, म्हणजे दारू पेटवणारी टोपी, बसवायचा. हे काम आपण पाहिले असते तर आपल्याला ते परके वाटले नसते.

बंदुकीची दारू शिसपेन्सिलीच्या टोकाचे बारीक तुकडे करावेत तशी दिसते. एका पुंगळीत ती जेमतेम दीड ग्रॅम लागते आणि ग्रेनच्या दहाव्या भागापर्यंत, म्हणजे साडेसहा मिलिग्रॅमपर्यंत, तोलावी लागते. धोका आहे तो इथेच. या काडतुसाला परवानगी असलेला कमाल दाब ५५,००० पीएसआय (चौरस इंचावर पौंड) आहे, म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे ३,७०० पट, आणि तो माझ्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर निर्माण होतो. म्हणून मेजावर एका वेळी एकाच दारूचा डबा ठेवायचा. छापील तक्त्यातल्या किमान वजनापासून सुरुवात करायची, थोडे थोडे वाढवत जायचे आणि कमाल आकडा कधीही ओलांडायचा नाही. भरलेल्या पुंगळ्या ओळीने उभ्या करून वरून विजेरीचा झोत टाकते, म्हणजे एखादीत दुप्पट दारू पडली असेल किंवा पडलीच नसेल तर ती लगेच नजरेस येते. बार उडाल्यावर प्राइमरची गोल कड चपटी झालेली दिसली, किंवा बोल्ट उचलायला जड गेला, की समजायचे की दाब वाढला आहे, आणि त्या वजनाची उरलेली काडतुसे तशीच घरी आणून सुटी करायची. या शिस्तीत सूट घेणाऱ्याने हा छंद करूच नये.

आता चाचणी. मैदानावर मेज, पुढे-मागे वाळूच्या पिशव्या, आणि शंभर यार्डांवर कागद. एका अंशाचा साठावा भाग या अंतरावर सुमारे २६.६ मिलिमीटर भरतो. त्या मोजपट्टीवर इथे रायफली जोखल्या जातात. ५० ग्रेनची, म्हणजे सव्वातीन ग्रॅमची गोळी सेकंदाला साधारण एक किलोमीटर वेगाने निघते. माझ्या नळीचे आटे, म्हणजे गोळीला फिरवणाऱ्या आतल्या पिळदार खाचा, नऊ इंचांत एक फेरा देतात, म्हणजे ती मिनिटाला अडीच लाखांहून अधिक फेऱ्यांनी फिरत असते. लेथचे आरपीएम आठवून पाहा. एवढ्या फेऱ्यांत गोळी जराशी तिरकी बसली असेल तरी तिचा परिणाम कागदावर दिसतो.

ज्या गोष्टीवर मला सर्वांत जास्त बोलायचे आहे ती पुढे आहे. मैदानावरचे बहुतेक लोक तीन गोळ्या झाडतात, तीन छिद्रे एकमेकांना चिकटलेली दिसली की कागद खिशात घालतात आणि काडतूस सापडले असे जाहीर करतात. मला ही पद्धत चुकीची वाटते. एकाच रायफलीत, एकाच प्रकारच्या काडतुसाने तीन-तीन गोळ्यांचे गट सरासरी एक इंचाचे पडत असतील, तर दहा-दहा गोळ्यांचे गट सरासरी दीड इंचाच्या थोडे वरच जातात. काडतूस बिघडलेले नसते, नळीही तीच असते; गोळ्या वाढल्या की विखुरलेपणाची खरी व्याप्ती दिसू लागते, इतकेच. शिवाय तीनच्या गटात नशिबाचा वाटा इतका असतो की तेच काडतूस लागोपाठ दोन गटांत अगदी वेगळे माप देते. कारखान्यात तीन नग मोजून आपण अख्खा लॉट पास केला असता का?

म्हणून दारूचे वजन निवडताना मी प्रत्येक वजनाची दहा काडतुसे भरते, आणि ती एका दमात न झाडता आलटून पालटून झाडते. अन्यथा दुपारी वाढलेला वारा किंवा तापलेली नळी यांचा दोष नेमका शेवटच्या वजनाच्या माथी बसतो. गटाची रुंदी फक्त दोन टोकांच्या छिद्रांवरून ठरते आणि बाकीची छिद्रे वाया जातात. त्याऐवजी मी गटाचा मध्य काढून प्रत्येक छिद्राचे त्यापासूनचे अंतर मोजते आणि सरासरी घेते. एका वेळी बदल एकच. आधी दारूचे वजन, ते ठरले की मग गोळी पुंगळीत किती खोल बसवायची ते. गोळीचा फुगवटा आणि आट्यांची सुरुवात यांच्यातले अंतर पाच-दहा थाऊंनी बदलून पाहायचे. त्याने फरक पडतो, पण लोक सांगतात तितका दर वेळी पडत नाही, असा माझा आजवरचा अनुभव आहे. वायोमिंगचा वारा मात्र कोणत्याही मोजमापाची परीक्षा पाहतो, म्हणून मी पहाटेच मैदानावर जाते.

सध्या दोन वजने एकमेकांच्या इतकी जवळ आहेत की त्यांच्यात फरक आहे असे म्हणणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. मी त्यांतले हलके निवडले, कारण त्याचा दाब कमी आहे. उन्हाने दारू तापली की दाब चढतो, म्हणून जुलैच्या उकाड्यात तेच काडतूस पुन्हा तपासेन. प्रेअरी डॉगची पिल्ले जूनच्या मध्यापर्यंत आईवर अवलंबून असतात, त्यामुळे तोवर कागदाशिवाय कशावरही गोळी झाडायची नाही असे मी ठरवले आहे.

चिऊच्या नेमबाजीच्या बाबतीत हे सगळे वेगळ्या रीतीने लागू होते. गेल्या वर्षी पॅरिसला आपल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पालथे पडून आणि उभे राहून झाडण्याच्या रायफल स्पर्धेत) कांस्यपदक मिळवले, त्या खेळातले .२२ काडतूस पुन्हा भरता येत नाही, कारण पेट घेणारा मसाला पुंगळीच्या कडेतच असतो. तिथे नेमबाज स्वतःची रायफल शिकंज्यात पकडून वेगवेगळ्या लॉटची, म्हणजे कारखान्यातल्या वेगवेगळ्या खेपांची, काडतुसे तपासतात आणि जुळणारा लॉट साठवून ठेवतात. तिने लॉट बदलला की प्रत्येक कागदावर लॉटचा क्रमांक लिहायला सांगावे आणि दादाने पट्टी शेजारी ठेवून त्याचे फोटो मला पाठवावेत. मोजणी मी इथून करून कळवीन.

आईस साष्टांग नमस्कार, दादा-वहिनींना नमस्कार, चिऊला अनेक आशीर्वाद.

आपली लेक,
वैशाली