जलसंपदा मंत्र्यांना खुले पत्र : ब्लॉकचेन आणा, पण एक प्रत आमच्याकडेही ठेवा

मा. जलसंपदा मंत्री, महाराष्ट्र राज्य
यांस स. न. वि. वि.

सरकारी सादरीकरणांत हल्ली ब्लॉकचेन, म्हणजे एकमेकींना साखळीसारख्या जोडलेल्या नोंदींची आणि अनेकांकडे प्रती असलेली डिजिटल वही, हमखास असते. उद्या ती आपल्या खात्यात आली, तर कालव्याचे ज्ञान जपायला वापरा, एवढेच गिरणेच्या लाभक्षेत्रातला शेतकरी म्हणून सुचवतो.

कोणती चारी कुठे पाझरते, कोणते गेट अडकते, आवर्तन (कालव्याच्या पाण्याची पाळी) सुटल्यावर टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला, पाणी पोचायला किती दिवस लागतात, हे जुन्या चौकीदाराला तोंडपाठ असते. तो निवृत्त झाला, शाखा अभियंत्याची बदली झाली, की नवा माणूस पुन्हा श्रीगणेशा करतो. नमुना ७ चे, म्हणजे पाणी मागणीचे, अर्ज दप्तरात सापडतात, ही माहिती सापडत नाही. पांझरा नदीवरच्या फड पद्धतीत (शेतकऱ्यांनीच मिळून चालवलेल्या जुन्या सिंचन व्यवस्थेत) पाटकरी, हवालदार, जागल्या हेच चालतेबोलते दप्तर होते आणि त्यांच्या कामावर सगळ्या फडाची नजर असे.

ब्लॉकचेनमध्ये प्रत्येक नोंदीत आधीच्या नोंदीचा ठसा, म्हणजे तिच्या मजकुरावरून काढलेला सांकेतिक आकडा, असतो. त्यामुळे जुनी नोंद गुपचूप बदलता येत नाही. कोणी, कधी लिहिले, कधी दुरुस्त केले, ते दिसते. नोंद खरी की खोटी, हे मात्र तिला कळत नाही. घरबसल्या भरलेला गेजचा (पाणी मोजायच्या पट्टीचा) आकडाही ती तितक्याच इमानाने जपेल.

गडचिरोलीतल्या एटापल्लीत २०२२ मध्ये जातीचे दाखले ब्लॉकचेनवर नोंदवले गेले. दाखला एकदा दिला की काम संपते. कालव्याची माहिती दर हंगामात बदलते, आणि लिहिलेले कायमचे राहणार म्हटल्यावर कर्मचारी ‘सर्व ठीक’ एवढेच लिहील (आपल्याकडे ही कला आधीच अवगत आहे). म्हणून कच्ची टिपणे बाहेर, साध्या वहीत राहू द्या. चर्चा होऊन पक्के ठरलेले तेवढेच साखळीत घाला. फाइली, नकाशे नेहमीच्या सर्व्हरवर ठेवा, साखळीत फक्त त्यांचा ठसा. शेतकऱ्यांची वैयक्तिक माहिती तर अजिबात नको, ती नंतर पुसता येणार नाही.

सगळ्या प्रती खात्याच्याच ताब्यात राहणार असतील, तर साधा डेटाबेस पुरे. तो स्वस्तही पडेल. २००५ च्या कायद्याने पाणी वापर संस्थांना सिंचनाच्या कारभारात स्थान दिले आहे. एक प्रत त्यांच्याकडे द्या, एक जळगावच्या विद्यापीठाकडे, एक वाल्मी या जल व भूमी व्यवस्थापन संस्थेकडे.

आणि पहिला पैसा सॉफ्टवेअरवर घालू नका. निवृत्तीला आलेल्या चौकीदारांना मानधन देऊन एका आवर्तनात नव्या माणसासोबत कालव्यावर फिरवा आणि ते सांगतील ते लिहून घ्या. जामदा कालव्याच्या एका शाखेवर रब्बीच्या पहिल्या आवर्तनापासून हे सुरू करता येईल.

आपला,
एक शेतकरी, ता. भडगाव, जि. जळगाव