मित्रास पत्र: एकतीस कधी येणार?

खानापूर, जि. बेळगाव
१८ जुलै

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र आले तेव्हा येथे चार दिवस पावसाने उघडीप दिली नव्हती. रोपलावणीमुळे पाचवीच्या वर्गात निम्मीच मुले होती आणि त्यांना मैदानावर सोडणेही शक्य नव्हते. त्यामुळे तुझा प्रश्न मला वर्गातच ताडून पाहता आला. पाढ्यांच्या सरावासाठी खेळ घेतले तर मुले खरोखर शिकतात की नुसता गोंगाट होतो, असे तू विचारले आहेस. दोन्ही होते, आणि मी दोन्ही करून बसलो आहे.

गोंगाटाची हकिकत आधी सांगतो. दोन वर्षांपूर्वी मी वर्गाचे दोन गट पाडले, फळ्यावर उदाहरण लिहिले की जो आधी उत्तर देईल त्याच्या गटाला गुण असा नियम केला, आणि वर्ग काय रंगला म्हणून आठवडाभर स्वतःवरच खूश राहिलो. पुढे वह्या तपासताना ध्यानात आले की उत्तरे देणारी मुले तीच तिघे होती; बाकीच्यांचा सराव झाला तो टाळ्या वाजवण्याचा. त्यातच सातचा पाढा अडखळत म्हणणारी एक मुलगी, तिच्यामुळे गट हरला असे कोणीतरी बोलून गेल्यापासून, फळ्याजवळ यायचीच बंद झाली. दोष तिचा नव्हता, माझ्या खेळाचा होता. त्या खेळात उदाहरण हा निव्वळ जकातनाका होता, आणि ज्याने झटपट जकात भरली तो पुढे गेला. (सीमाभागातल्या माणसाला उपमासुद्धा नाक्याचीच सुचायची.)

तेव्हापासून खेळ निवडताना मी एवढेच पाहतो, की हिशेब हीच त्यातली चाल आहे ना आणि सावकाश हिशेब करणाऱ्यालाही त्यात जिंकता येते ना. सध्या चालू असलेला खेळ असा: प्रत्येकाने वहीच्या पानावर नऊ घरे आखायची आणि १ ते ३६ यांतले मनाला येतील ते नऊ वेगवेगळे आकडे त्यांत भरायचे. मग दोन फासे टाकायचे, पडलेल्या दानांचा गुणाकार करायचा, आणि ज्याच्या घरात तो आकडा असेल त्याने त्यावर चिंचोका ठेवायचा. ज्याची नऊही घरे आधी भरतील तो जिंकला.

पहिल्या दिवशी त्याच मुलीने १७, २३, २९, ३१ असे आकडे वेचून भरले, कारण ते आणखी कोणी घेतले नव्हते. फासे वीसेक वेळा पडले तरी त्या घरांवर एकही चिंचोका चढेना, तेव्हा ती एकदम म्हणाली, "एकतीस येतच नाही की वो सर!" मी मुद्दाम गप्प राहिलो. शेजारच्या मुलाने बोटांवर पाढे मोजून सांगितले की एकच्या पाढ्याखेरीज एकतीस कुठेच नाही, आणि तो तर एकतिसाव्या घरात. त्यावर मागच्या बाकावरून तक्रार आली की चौदा तर बेच्या पाढ्यात आहे, मग ते का येत नाही? पाच मिनिटे वर्ग भांडत होता. अखेर त्या मुलीनेच फासा उचलून त्याच्या सहाही बाजू सगळ्यांना फिरवून दाखवल्या आणि विचारले, यावर सात कुठे आहे?

दुसऱ्या दिवशी कोणी न सांगता मुलांनी सहा बाय सहाचा तक्ता मांडला. छत्तीस जोड्यांतून वेगळे आकडे अठराच निघतात, ६ आणि १२ चार-चार प्रकारे येतात, २५ आणि ३६ मात्र एकाच प्रकारे, हे सगळे त्यांनी शोधून काढले. हाच तक्ता मी घरचा अभ्यास म्हणून दिला असता तर एकाचा पाहून बाकीच्यांनी उतरवला असता.

आपल्या मुलांचे एक खास दुखणे तुला ठाऊकच आहे. मराठीत पंचवीस म्हणताना पाच आधी ऐकू येतो, म्हणून काही जण ५२ लिहून ठेवतात. कन्नडमधल्या 'इप्पत्तैदू'त वीस आधी आणि पाच मागून. बाजारात ही मुले कन्नडमध्ये मोजतात आणि शाळेत पाढे मराठीत म्हणतात. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' आले तेव्हा तुमच्याकडे केवढा गदारोळ झाला होता! आमच्याकडे ते काम कन्नड रोजच करते. म्हणून मी नियम केला की चिंचोका ठेवण्यापूर्वी आकडा दोन्ही भाषांत म्हणायचा. पंचविसाचे बावन्न होणे त्यामुळे पुष्कळ कमी झाले आहे.

सातवीला मी देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांचा ६१७४ हा आकडा खेळायला देतो, जो त्यांना १९४९ मध्ये सापडला. चार अंकी संख्या घ्यायची, चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावून त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करायची, आणि येणाऱ्या उत्तरावर पुन्हा तेच. ३५२४ घेतले तर ३०८७, मग ८३५२, मग ६१७४. जास्तीत जास्त सात वजाबाक्यांत तिथे पोहोचायलाच हवे. यातली मौज अशी की वही मला तपासावी लागत नाही: ६१७४ आले नाही तर हातचा कुठेतरी चुकलेला असतो, आणि तो कुठे चुकला हे मूलच शोधत बसते. दर उत्तराच्या अंकांच्या बेरजेला नवाने भाग जातो, हे एकदा कळले की चुकलेली पायरीही बहुधा सापडते.

फासे म्हणजे जुगार, असे एक आजोबा शाळेत येऊन सांगून गेले. त्यांना नातवाशेजारी बसवून मी एक डाव खेळायला लावला. पुन्हा तक्रार आली नाही, पण त्यांना पटले असेही मी म्हणणार नाही.

ती मुलगी आता हटकून २५ भरते. ते छत्तीसांत एकदाच येते हे तिला माहीत आहे. "पण आलं की चिंचोका माझ्या एकटीचाच," असे तिचे म्हणणे. काल ती त्याच एका घरासाठी हरली, आणि आज सकाळी वहीत पुन्हा २५ भरून फासे मागायला आली.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
जुना बाकसोबती