‘विचार करू नकोस’ हा उपचार नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

स्किझोफ्रेनिया असलेल्या माणसाचा चेहरा कोरा दिसतो, म्हणून त्याला काही वाटतच नाही, हा समज शिकल्यासवरल्या घरांतही पक्का आहे. भीती, लाज, राग आत असतातच. फक्त चेहऱ्यावर उमटत नाहीत. बिघडते ते त्यांना हाताळणे. शुभार्थी, म्हणजे आजार असलेला माणूस, एक तर भावना दाबतो, नाही तर तेच तेच घोळवत बसतो. त्यात घरचे ‘विचार करू नकोस’ म्हणतात, म्हणजे दाबायलाच सांगतात. दाबलेला विचार उलट जास्त वेळा वर येतो, झोप उडते आणि झोप उडाली की इतरांना ऐकू न येणारे, फक्त त्याला ऐकू येणारे आवाज वाढतात.

कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी (सीबीटी), म्हणजे विचार आणि वागणे तपासून बदलायला शिकवणारी संवादातून होणारी उपचारपद्धत, इथे उपयोगी पडते. आवाज खरे की खोटे, हा वाद ती घालत नाही. शेजारी खोकला, ‘मलाच खुणावतोय’ असे वाटले, छाती धडधडली, खिडकी लावून घेतली, ही साखळी कागदावर मांडली जाते. गोम खिडकीत आहे. काही वाईट घडले नाही, की श्रेय बंद खिडकीला जाते आणि संशय तपासायचा राहून जातो. म्हणून खिडकी 10 मिनिटे उघडी ठेवायची. काय होईल आणि त्यावर किती टक्के विश्वास आहे, हे आधी लिहायचे, नंतर पुन्हा. 80 चे 60 झाले तरी पुष्कळ. काळजी करायला रोज 20 मिनिटे ठरवून द्यायची, पण झोपायच्या तोंडावर नको. एरवी आलेली काळजी वहीत टिपून त्या वेळेवर ढकलायची.

फसते कुठे? पहिल्याच भेटीत पुरावे मागितले की उपचारक ‘त्यांच्यातला’, म्हणजे छळणाऱ्यांपैकीच एक, ठरतो. पहिला प्रयोग थेट गर्दीच्या बाजारात केला, तर भीतीच पक्की होते. आणि ‘आता थेरपी चालू आहे’ म्हणून परस्पर गोळ्या थांबवणे सर्वांत घातक.

सीबीटीचा परिणाम बेताचाच असतो, हेही सांगायला हवे. तरीही ब्रिटनच्या ‘नाइस’ या उपचारांविषयी मार्गदर्शन करणाऱ्या संस्थेच्या 2014 च्या मार्गदर्शक सूचना औषधांच्या जोडीने किमान 16 वैयक्तिक सत्रे सुचवतात. आपल्या जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या पथकात चिकित्सा मानसशास्त्रज्ञाचे पद आहे. ते भरलेले असावे आणि त्याच्या आठवड्यातले काही तास अशा सत्रांसाठी राखून ठेवावेत, एवढी मागणी आहे. तोवर शुभंकरांनी, म्हणजे सांभाळ करणाऱ्या घरच्यांनी, ‘असं काही नाहीये’ म्हणण्याआधी ‘तेव्हा तुला किती भीती वाटली?’ एवढे विचारावे.

– चिकित्सा मानसशास्त्राचा एक अभ्यासक, पुणे