हीटरच्या कामात धावून आलेल्या सगळ्यांचे आभार

औंढ्याहून जिंतूरकडं येताना ऐन डिसेंबरातल्या पहाटे हीटर नुसती गार हवा फेकायला, काच आतून चिकट धुकट व्हायली आन् गाडीत गोडसर वास, अशात स्वतःहून थांबलेल्या ट्रकवाल्या मामांचे पहिले आभार. नाव सांगितलंच नाही त्यांनी. पायाखालचं कार्पेट दाबून बघितलं, ओलं निघालं, म्हणले हीटर कॉइल (इंजिनचं गरम पाणी फिरून हवा तापवणारी छोटी जाळी) लीक झाली, मग इंजिन गार होऊ दिलं, कॉइलला जाणारे दोन्ही पाइप काढून एकमेकाला जोडले आन् कमी झालेलं पाणी भरून दिलं, म्हणले आता हीटर विसर, इंजिनच्या तापमानाच्या काट्यावर लक्ष ठेवून हळू जा.

परभणीच्या मिस्त्रीभाऊंचे लई आभार. मला कोणीतरी थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारा व्हॉल्व्ह) बदल म्हणलं होतं, पण भाऊ म्हणले तो उघडा अडकला असता तर काटा वर चढलाच नसता, आन् कार्पेट कशाला भिजतंय. कॉइल तळहातापेक्षा थोडी मोठी, पण तिच्यासाठी अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो राव! त्यांच्याकडच्या पोरानं सगळे स्क्रू अंड्याच्या ट्रेमधी ओळीनं लावून ठेवले, हुशार लेकरू. नवी कॉइल बसल्यावर गाडीचं तोंड चढावर करून, झाकण उघडं ठेवून सावकाश कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) भरलं, बुडबुडे थांबेपर्यंत, नाहीतर आत हवा अडकून हीटर पुन्हा गारच.

आन् संभाजीनगरचे पार्टवाले काका, ओळख ना पाळख, पैसे नंतर द्या म्हणून रातच्या ट्रॅव्हल्समधी कॉइल ठेवून दिली. काका, पैसे पाठवलेत, बघून घ्या.